आधी पट्टा, मग कुत्रा

नमस्कार, श्रोतेहो.

घरात कुत्रा आणायचा, मांजर आणायची की दोन्ही? हा वाद घराघरांत नेहमी एकाच सुरात चालतो. एक जण म्हणतो कुत्रा इमानी, दुसरा म्हणतो मांजर स्वच्छ. खरं दोघांचंही आहे, पण त्यावरून काही ठरत नाही. ठरतं ते घरात कोणाला कधी वेळ आहे यावरून. कुत्र्याला दिवसातून निदान दोनदा बाहेर न्यावं लागतं. पाऊस असो, पाहुणे असोत, आपल्याला कणकण असो. मांजर दिवसाचे 12 ते 16 तास झोपेत काढते, तिला फिरवायला नको. पण तिचा वाळूचा ट्रे रोज साफ करावा लागतो आणि रोज थोडा वेळ तिच्याशी खेळावंही लागतं. हे किती वर्षं चालणार? कुत्र्याचं साधारण 10 ते 13 वर्षं. घरातच राहणाऱ्या मांजरीचं 15 किंवा त्याहूनही जास्त. आज हट्ट धरून बसलेलं आठ वर्षांचं पोर नोकरीला लागेल, तरी मांजर खिडकीत बसलेली असेल.

म्हणून, श्रोतेहो, ‘प्राणी कोणाला हवाय’ असं घरात विचारू नका, सगळेच हात वर करतील. ‘करणार कोण’ असं विचारा. आणि जाता जाता सांगतो, वाढदिवसाला टोपलीत रिबीन बांधून पिल्लू भेट देणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. भेट द्यायचीच असेल तर पुस्तक द्या. ते निदान न वाचता ठेवलं तर रात्री रडत नाही.

आता माझ्या काकूची गोष्ट. ही मी जिथे संधी मिळेल तिथे सांगतो. ज्यांनी ऐकली असेल त्यांनी पुन्हा ऐका.

काकूने आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. तिच्या घरी ती, माझा चुलतभाऊ म्हणजे दादा, वहिनी आणि दोन मुलं. मुलगा म्हणे कुत्रा, मुलगी म्हणे मांजर, वहिनी म्हणे काहीही आणा पण माझ्या गळ्यात टाकू नका. आणि दादा म्हणे, ‘माझ्या घरात केस उडता कामा नयेत.’ एके दिवशी जेवणं झाल्यावर काकूने पिशवीतून एक नवा कोरा पट्टा काढला, त्याला लांब दोरी, आणि तो दाराशी खुंटीला अडकवला. म्हणाली, ‘उद्यापासून सकाळी उजाडताना आणि रात्री जेवल्यावर हा फिरवून आणायचा. महिनाभर.’

नातू म्हणाला, ‘आजी, पण कुत्रा कुठाय?’

‘आधी पट्टा फिरवा. कुत्रा मग बघू.’

एवढ्यावर ती थांबली नाही. गॅलरीत एक ट्रे ठेवला, त्यात वाळू. रात्री सगळे झोपले की त्या वाळूत ती चार खडे पुरून ठेवायची. सकाळी जाळीच्या झाऱ्याने ते वेचून काढायचे, वाळू सारखी करायची. एकही खडा आत राहिला तर सही नाही. कारण सह्यांसाठी फ्रिजवर तक्ता होता, शिक्षिकाच ती!

पहिले चार-पाच दिवस मुलांनी पट्ट्यावरून मारामाऱ्या केल्या. मग नातवाची परीक्षा आली. मग त्याचं पोट दुखलं. मग पाऊस आला. पट्टा खुंटीला लोंबकळत राहिला, आणि दादाचा स्वभाव असा की दाराशी काम पडलेलं दिसलं की त्याला झोप लागत नाही. एका रात्री तो कुरकुरत उठला आणि रिकामा पट्टा घेऊन निघाला. दुसऱ्या रात्रीही निघाला. समोरच्या बिल्डिंगमधले एक आजोबा, ज्यांच्याशी इतक्या वर्षांत मान हलवण्यापलीकडे ओळख गेली नव्हती, ते थांबून बघायला लागले. पट्टा आहे, दोरी आहे, माणूस आहे. त्यांनी शेवटी विचारलंच, ‘अहो, कुत्रा कुठाय?’

दादा शांतपणे म्हणाला, ‘पुढच्या महिन्यात येतोय.’

आजोबा म्हणाले, ‘असं होय,’ आणि बरोबर चालायला लागले. तेव्हापासून दोघं रोज रात्री बरोबर. काय बोलतात ते कोणाला माहीत नाही. पण संध्याकाळी घरी येऊन फोनमध्ये तोंड घालून बसणारा दादा नऊ वाजले की घड्याळ बघू लागला. हल्ली माणसं चालतानासुद्धा कानात काहीतरी खुपसून चालतात, त्यामुळे शेजारी कोण राहतं हेच कळत नाही, पण तो विषय वेगळा.

इकडे गॅलरीत धाकटीचा एकही दिवस चुकला नव्हता. खडे शोधायला तिला मजाच वाटायची. पुढेपुढे तर ती आजीला म्हणायची, ‘आज पाच पुर ना!’

महिना संपला. काकूने तक्ता काढून टेबलावर ठेवला. पट्ट्याच्या रकान्यात दादाच्या सह्या. वाळूच्या रकान्यात धाकटीच्या. कुत्र्यासाठी जीव टाकणारा नातू पहिल्या आठवड्यानंतर गायब. ज्याला केस नको होते त्याच्याकडे कुत्रा आला, आणि हट्ट धरणाऱ्याकडे काहीच नाही. तो रडला, पण तक्ता तिथेच होता. त्याच्या वाट्याला पाण्याची भांडी आली.

मग दोन्ही आणले, पण एकदम नाही. हे नीट ऐका, एकदम नाही. आधी कुत्रा आणला. चांगला चार वर्षांचा, आधीच्या घरी मांजरांबरोबर राहिलेला. मोठा प्राणी घ्यायला लोक का बिचकतात मला कळत नाही. त्याचा स्वभाव समोर दिसतो, पिल्लाचा मात्र अंदाजच करावा लागतो. बंड्या रुळायला काही महिने गेले, त्यानंतर मांजर आली. ती पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत, दार बंद. दाराच्या अलीकडे बंड्याची ताटली, पलीकडे तिची. एकमेकांच्या अंथरुणाचे कपडे अदलून ठेवायचे, म्हणजे वास ओळखीचा होतो. मग दाराला फट, आणि बंड्या दोरीवर. शेवटी एकदा ती बाहेर आली, बंड्याने नाक पुढे केलं आणि तिने त्याला एक सणसणीत थप्पड लगावली. काकू म्हणाली, ‘हिचं नाव मास्तरीण.’ आजही बंड्या जेवायला जाताना तिला लांबून वळसा घालतो.

आता वेळ थोडा उरलाय, बाकीचं भराभर सांगतो.

पिल्लूच आणायचं असेल तर कुत्र्याचं असो वा मांजरीचं, आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. कुत्र्याचं पिल्लू साधारण 3 ते 14 आठवड्यांचं असताना जी माणसं, जे आवाज, जे प्राणी बघतं, ते त्याला पुढे ओळखीचे वाटतात. मांजरीच्या पिल्लाचा हा काळ लवकर येतो, 2 ते 7 आठवडे. लसीकरण आणि नसबंदी केव्हा करायची ते पशुवैद्यांना पहिल्याच भेटीत विचारून ठेवा.

घरात कोणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर आधी मांजर असलेल्या घरी दोन-तीनदा जाऊन बसा. त्रास नुसत्या केसांचा नसतो. मांजरीच्या लाळेत आणि त्वचेत एक प्रथिन असतं, ती अंग चाटते तसं ते सगळीकडे पसरतं. ‘ॲलर्जी न होणारी जात’ म्हणून कोणी काही विकत असेल तर विश्वास ठेवू नका. घरात कोणी गरोदर असेल तर ट्रे दुसऱ्याने साफ करावा, आणि तोही रोज.

दोन्ही प्राणी असतील तर मांजरीला चढून बसायला उंच जागा हवी. तिचं खाणं आणि ट्रे, दोन्ही कुत्र्याच्या तोंडापासून दूर. हो, ट्रेसुद्धा. कुत्रे काय खातात ते सकाळच्या वेळी सांगत नाही. आणि कुत्र्याचं खाणं मांजरीला रोज घालू नका. तिला टॉरिन नावाचं द्रव्य खाण्यातूनच मिळावं लागतं, ते कमी पडलं तर तिचे डोळे आणि हृदय बिघडतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कुत्र्यांच्या पिसवांसाठी मिळणाऱ्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. ते मांजरीला विषारी आहे, झटके येऊन ती मरू शकते. पुन्हा सांगतो, कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजरीला लावायचं नाही. कुत्र्याला लावलं असेल तर ते वाळेपर्यंत दोघांना वेगळं ठेवायचं. आपली पॅरासिटामॉलची गोळी मांजरीला कधीच द्यायची नाही, एकसुद्धा नाही. लिलीची फुलंही घरात नकोत, नुसते परागकण चाटले तरी मांजरीची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. फुलदाणीत फुलं खुपसून ठेवण्याचा मला तसाही तिटकाराच आहे.

नमस्कार.