जुना अ‍ॅम्प, नवा रिसीव्हर

मंडळी, आजचा विषय आहे जुनी आणि नवी ध्वनियंत्रं होम थिएटरमध्ये एकत्र कशी जोडायची. जोडणीकडे मी येणारच आहे, पण आधी एक मुद्दा मांडतो. तो पटला की कुठली वायर कुठे, हे निम्मं आपोआप सुचतं. ध्वनियंत्रणेतल्या सगळ्या वस्तू सारख्या वेगानं जुन्या होत नाहीत.

चुंबकाच्या फटीत तारेची गुंडाळी हलते आणि कोनला, म्हणजे स्पीकरच्या शंकूसारख्या पडद्याला, ढकलते, हे आजच्या स्पीकरचं रूप राइस आणि केलॉग या दोन अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडलं. तत्त्व आजही तेच आहे. आता एचडीएमआय बघा, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच वायरनं नेणारी जोडणी. २००२ मध्ये आलं, २००९ मध्ये त्यात एआरसीची (टीव्हीचा आवाज त्याच वायरनं रिसीव्हरकडे परत पाठवण्याची सोय) भर पडली, २०१७ मध्ये ईएआरसीची, म्हणजे तिच्याच सुधारित रूपाची. मधे २०१४ मध्ये डॉल्बी अ‍ॅटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज आल्यासारखा वाटवणारी पद्धत, घरात शिरलं. सारखा बदलतो तो संकेत उलगडणारा भाग. हवा हलवणारा भाग जिथल्या तिथे आहे. म्हणून उलगडण्याचं काम नव्यानं करावं आणि हवा हलवण्याचं जुन्यानं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

आणि म्हणूनच मला राग येतो तो 'हे आता भंगारात द्या' या वाक्याचा. माझ्याकडे नवा रिसीव्हर, म्हणजे टीव्ही-प्लेअरचे संकेत उलगडून स्पीकरांना देणारं यंत्र, बसवायला एक तंत्रज्ञ आला होता. त्यानं जुन्या स्पीकरची जाळी काढली, वूफरच्या, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या कोनच्या, कडेला बोट लावलं, तर कडेचा फोम भुगा होऊन खाली पडला. "स्पीकर गेले," म्हणाला आणि लगेच नव्या जोडीबद्दल बोलायला लागला. (मागच्या रांगेत माना हलताहेत, म्हणजे तुमच्याकडेही असं कुणीतरी येऊन गेलेलं दिसतंय!)

अहो, स्पीकर गेले नव्हते. गेली होती फक्त कोनभोवतीची फोमची कडी. हा फोम हवेनं आणि दमटपणानं पंधरा-वीस वर्षांत कुजतो; स्पीकर वाजवा नाहीतर झाकून ठेवा. रबराची कडी कितीतरी जास्त टिकते. कोन, गुंडाळी, चुंबक, लाकडी पेटी, सगळं शाबूत होतं. नवी कडी बसवण्याचं काम इतकं सुंदर आहे की ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जुना गोंद हलक्या हातानं खरवडायचा. मधली टोपी अलगद कापून काढायची. गुंडाळी आणि आतला लोखंडी दांडा यांच्यामधल्या फटीत पातळ पट्ट्या सरकवायच्या, म्हणजे गुंडाळी बरोबर मध्यावर उभी राहते. मग नवी कडी चिकटवायची, गोंद पूर्ण वाळू द्यायचा आणि पट्ट्या ओढून घ्यायच्या. शेवटी दोन्ही हातांची बोटं कोनवर ठेवून तो हळूच आत दाबायचा. घासल्याचा आवाज आला नाही, की जमलं. हे करता येतं हे माहीत असणाऱ्या माणसानं चांगली पेटी भंगारात काढायला सांगावी, हे मला अजूनही सहन होत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरली आहेत. तर जोडणी.

टीव्ही आणि प्लेअर नव्या रिसीव्हरला जोडा. रिसीव्हरच्या मागे 'प्री-आउट' (उलगडलेला संकेत दुसऱ्या अ‍ॅम्पकडे नेण्याची जागा) आहे का, हे विकत घेतानाच बघा. तो नसेल तर पुढचं सगळं अडतं. पुढच्या डाव्या-उजव्या चॅनलचे प्री-आउट जुन्या स्टीरिओ अ‍ॅम्पला, म्हणजे संकेत मोठा करून स्पीकर वाजवणाऱ्या यंत्राला, द्या आणि जुने स्पीकर त्याच अ‍ॅम्पवर राहू द्या. अ‍ॅम्पला 'मेन-इन' (आवाजाचं बटण वगळून थेट आत नेणारी जागा) असेल तर उत्तम, नसेल तर 'ऑक्स' (बाहेरच्या यंत्रांसाठीची साधी जागा). ऑक्स वापरलात तर अ‍ॅम्पच्या आवाजाच्या बटणावर एक खूण करा, रिसीव्हरच्या माइकनं मोजणी करताना बटण त्या खुणेवर ठेवा आणि सिनेमा बघताना दर वेळी तिथेच आणा. 'फोनो'त मात्र चुकूनही लावू नका. ती जागा रेकॉर्ड प्लेअरच्या साधारण ५ मिलिव्होल्टसाठी आहे. इतर यंत्रांचा संकेत त्याहून फार मोठा असतो; उदाहरणार्थ सीडी प्लेअर २ व्होल्टपर्यंत देतो, म्हणजे ४०० पट. आणि एकाच स्पीकरला दोन अ‍ॅम्प एकदम जोडू नका, एखादा तरी जळेल.

सगळं जोडल्यावर 'हंऽऽ' अशी घरघर आली तर ती बहुधा अर्थिंगच्या फेऱ्याची असते, म्हणजे यंत्रं एकाहून जास्त वाटांनी अर्थिंगला जोडली गेल्याची. आधी दोन्ही यंत्रं एकाच प्लग-पट्टीवर घ्या. तरीही राहिली तर केबल टीव्हीची वायर काढून बघा, कारण पुष्कळदा फेरा तिथूनच येतो. अर्थिंगची पिन मात्र कधीही काढायची नाही, तिच्यावर जीव अवलंबून असतो.

शेवटचा मुद्दा सेंटर स्पीकरचा, म्हणजे पडद्याजवळ मधोमध ठेवलेल्या, मुख्यतः संवाद वाजवणाऱ्या स्पीकरचा. पात्र डावीकडून उजवीकडे बोलत गेलं आणि मधेच त्याचा आवाज बदलला, तर सेंटर जुन्या जोडीशी जुळत नाही असं समजा. तो काढा आणि रिसीव्हरच्या मेनूत 'सेंटर नाही' असं निवडा. मग संवाद दोन्ही स्पीकरमध्ये सारखे वाटले जातात आणि मधोमध बसणाऱ्याला थेट पडद्यातून आल्यासारखे वाटतात. कडेला बसणाऱ्याला ते जवळच्या स्पीकरकडे ओढल्यासारखे ऐकू येतील. घरात नेहमी चार-पाच जण मिळून बघत असाल, तर त्याच कंपनीचा, त्याच काळातला सेंटर शोधा.