कडुलिंबापर्यंत रांग

नमस्कार मंडळी, सिग्नलला अडकलेले, घरी भाजी निवडत ऐकणारे, सगळ्यांना नमस्कार! आज सेन्सरवाल्या सिग्नलबद्दल बोलायचंय, पण त्याआधी आमच्या शाळेजवळच्या चौकातल्या हवालदारकाकांची गोष्ट सांगते.

काका खांबावरचा डबा उघडून हातानेच सिग्नल बदलायचे, घड्याळ नाही काही नाही. मी एकदा विचारलं, काका, कधी सोडायचं ते कसं कळतं हो? तर म्हणाले, तो कडुलिंब दिसतोय ना, रांग तिथवर आली की सोडायचं, रस्ता रिकामा झाला की बंद. आणि सोडायच्या आधी वॉकीटॉकीवर पुढच्या चौकातल्या जोडीदाराला सांगायचे, "सोडतोय रे, तुझा मोकळा ठेव," नाहीतर इथनं सुटलेल्या गाड्या तिथे जाऊन तुंबणार. एकदा काका रजेवर, सिग्नल ऑटोवर, शाळा सुटायची वेळ, धो धो पाऊस, आणि रिकाम्या गल्लीला मिनिटभर हिरवा मिळतोय, आमची रिक्षा पार कडुलिंबाच्याही मागे! पाऊण तास गेला, आणि रिक्षातली आम्ही पोरं एकच विचारत होतो, काका कुठे गेले?

सेन्सर म्हणजे तो कडुलिंबच हो. रांग मोजायची आणि पुढच्या चौकाला सांगायचं, एवढंच. डांबराखाली तारेचं वेटोळं असतं, वर गाडीचा धातू आला की त्याला कळतं. सिडनीत १९७० च्या दशकापासून असे एकमेकांशी जोडलेले सिग्नल आहेत. आपल्याकडे दुचाक्या फार, त्या लेन सोडून कुठूनही घुसतात, म्हणून कॅमेऱ्याने मोजणं बरं पडतं. पुण्यातही बऱ्याच चौकांत गर्दी बघून वेळ बदलणारे सिग्नल बसवलेत.

माझं मत विचाराल तर पहिला हिरवा बसला द्यावा, एका बसमध्ये पन्नास माणसं आणि शेजारच्या कारमध्ये एकटा माणूस, झुरिकमध्ये ट्राम आली की सिग्नल तिला वाट देतो, मग आपल्या बसला का नको? आणि बसस्टॉपला सावली तरी द्या हो, म्हाताऱ्या बायका उन्हात उभ्या असतात.

तर परत सांगते, रांग मोजायची, पुढच्याला सांगायचं. आणि जिथे वेटोळं आहे तिथे ते असतं पांढऱ्या पट्टीच्या मागे, तुम्ही गाडी झेब्रावर नेऊन उभी केली तर सिग्नलला तुम्ही दिसतच नाही. आज संध्याकाळी पट्टीच्या मागे थांबा हं!