इन्फेक्शन असताना कार-टी सेल थेरपी मिळते का? (आणि ‘हेपेटायटिस बी निगेटिव्ह’चा घोळ)

नमस्कार मंडळी! लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाच्या, व्हिडिओखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतोय. “वडिलांना पूर्वी कावीळ झाली होती, कार-टी मिळेल का?” “मॅडम, एचआयव्ही असेल तर दार बंदच ना?” “भावाला न्यूमोनिया झाला आणि तारीख पुढे ढकलली, डॉक्टर टाळतायत का?” चला, आज तेच बोलू.

कार-टी म्हणजे काय ते पटकन सांगते, त्यावर आख्खा व्हिडिओ आधीच आहे. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पांढऱ्या पेशी, काढायच्या. लॅबमध्ये निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी त्यांच्यात नवं जनुक घालायचं, की त्या बी-पेशींवरचं (या लिम्फोमात बिघडलेल्या पांढऱ्या पेशी) सीडी19 नावाचं प्रथिन ओळखून त्यांना मारायला लागतात. मग त्या वाढवायच्या, गोठवायच्या. रुग्णाला साधारण तीन दिवस फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइडची केमो द्यायची आणि पेशी शिरेतून परत. लिम्फोमासाठी अमेरिकेत पहिली मंजुरी 2017 ची. झालं, पुढे.

सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांमध्ये एचआयव्ही किंवा सक्रिय हेपेटायटिस असलेल्यांना घेतलंच नव्हतं. तिथूनच “चालत नाही” ही अफवा निघाली. अहो, अभ्यासात घेतलं नाही ही एक गोष्ट आणि देता येत नाही ही दुसरी! डॉक्टर बघतात ते इन्फेक्शन ताब्यात आहे का. न्यूमोनिया पेटलेला असताना, रक्तात जंतू फिरत असताना पेशी सोडत नाहीत. पेशी द्रव नायट्रोजनच्या वाफेत गोठलेल्या असतात, त्यांना घाई नसते. घाई गाठीला असते. म्हणून मधल्या काळात गाठ आवरायला थोडी केमो, रेडिएशन किंवा स्टेरॉइड देतात आणि अँटिबायोटिकला काम करू देतात. तेव्हा भावाची तारीख पुढे गेली, ती बहुतेक त्याच्याच भल्यासाठी.

आता माझ्या डोक्यात जातो तो विषय. हेपेटायटिस बी, म्हणजे यकृतावर हल्ला करून कावीळ करणारा विषाणू.

फाईल उघडली की पहिल्या पानावर असतं “हेपेटायटिस बी निगेटिव्ह”. कोणती टेस्ट निगेटिव्ह? बहुतेक वेळा एकटी एचबीएसएजी. ती निगेटिव्ह म्हणजे आत्ता रक्तात विषाणूचं वरचं आवरण सापडलं नाही, इतकंच. वीस वर्षांपूर्वी येऊन गेलेला विषाणू यकृताच्या पेशींच्या केंद्रकात दबा धरून बसलेला असू शकतो आणि आपली प्रतिकारशक्ती त्याला तिथेच दाबून ठेवते. आपण काय करतो? आधी रितुक्सिमॅब (बी-पेशी मारणारं औषध), मग केमो, मग कार-टी. म्हणजे बी-पेशी पार पुसून टाकतो. पहारा उठला की तो बाहेर येतो. लिम्फोमा बरा आणि यकृत गेलं, असं होऊ शकतं. म्हणून दुसरी टेस्ट हवी: अँटी-एचबीसी, म्हणजे विषाणूच्या गाभ्याविरुद्ध शरीराने बनवलेली कोअर अँटीबॉडी.

इथे घोडं पुन्हा पेंड खातं. कोअर अँटीबॉडीच्या दोन टेस्ट असतात, आयजीएम आणि टोटल. आयजीएम मुख्यतः ताज्या इन्फेक्शनसाठी. आपल्याला जुन्याचा माग हवाय, म्हणजे टोटल. माझ्याकडे एक काका सगळे कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तारखेनुसार लावून आले होते, इतके नीट की मला लाज वाटावी. त्यात कोअर अँटीबॉडीचा रिपोर्टही होता, निगेटिव्ह. बारीक अक्षरात बघितलं तर आयजीएम. टोटल पाठवली, पॉझिटिव्ह आली. विषाणूचा डीएनए तपासला, सापडला नाही. एंटेकॅव्हिर, म्हणजे हेपेटायटिस बीचा विषाणू दाबून ठेवणारी गोळी, सुरू केली आणि कार-टीची तयारी चालूच राहिली. थेरपी थांबली नाही, हे लक्षात घ्या. एक गोळी वाढली.

आणि टोटल केली तरी सुटलो असं नाही. लिम्फोमाच्या काही रुग्णांना इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटीबॉडींचं, सलाइन लागतं, आयव्हीआयजी. ते हजारो दात्यांच्या प्लाझ्मापासून बनतं, त्यांच्या अँटीबॉडी त्यात असतात. ते चढवल्यावर टेस्ट केली तर दुसऱ्याची अँटीबॉडी आपल्या नावावर पॉझिटिव्ह! उलटंही होतं. रुग्णाच्या स्वतःच्या अँटीबॉडीच इतक्या घटलेल्या असतात की जुना आजार असून टेस्ट निगेटिव्ह येते. म्हणून टेस्ट आयव्हीआयजीच्या आधी करायची, आणि शंका असेल तर डीएनए. एका ताईंनी कमेंट केली होती, “एवढ्या टेस्ट म्हणजे लुबाडणूक.” ताई, इतर टेस्टवर भांडू, मी तुमच्या बाजूने असेन. या टेस्टवर नको.

मग गोळी. एंटेकॅव्हिर उपाशीपोटी घ्यायची: जेवणानंतर दोन तास आणि पुढच्या जेवणाआधी दोन तास. झोपताना घेणं बऱ्याच जणांना सोपं पडतं. आणि “स्कॅन क्लीन आला, मग गोळी कशाला” म्हणून परस्पर बंद करू नका! रितुक्सिमॅबसारख्या औषधानंतरही किमान 12 महिने ती चालू ठेवतात. कार-टीनंतर तर बी-पेशी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं परत येत नाहीत. गोळी कधी थांबवायची हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, आणि थांबवल्यावरही एसजीपीटी (यकृताची रक्तचाचणी) आणि विषाणूच्या डीएनएवर नजर ठेवायची.

एचआयव्ही. दार बंद नाही. 2019 मध्येच एचआयव्ही असलेल्या दोन लिम्फोमा रुग्णांना कार-टीचा फायदा झाल्याचं प्रसिद्ध झालं, आणि त्यानंतर आणखी रुग्णांना दिली गेली. एआरटी (एचआयव्हीची रोजची औषधं) चालू असावं, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला असावा. त्यातल्या रिटोनाव्हिर किंवा कोबिसिस्टॅट असलेल्या गोळ्या इतर औषधांशी भांडतात, त्यामुळे आधीच बदल करावा लागू शकतो. पण स्वतःहून एआरटी थांबवणं हा पर्याय नाही.

यातली गंमत वेगळीच आहे. काही कार-टी बनवताना वापरलेला लेंटिव्हायरस मुळात एचआयव्हीपासूनच तयार केलेला असतो. त्यामुळे थेरपीनंतर एचआयव्हीची आरएनए किंवा डीएनए शोधणारी टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. एका बाईंचा असा रिपोर्ट बाहेरच्या लॅबमधून आला. त्यांचा मुलगा फोनवर इतक्या हळू आवाजात बोलत होता की मी दोनदा “काय?” म्हटलं. अँटिजन-अँटीबॉडी टेस्ट केली, निगेटिव्ह. कार-टी झाली असेल तर कुठल्याही लॅबला आधी तसं सांगा.

आता ताप. “ताप आला म्हणजे पेशी काम करतायत, अभिनंदन!” अशी कमेंट परवा कुणीतरी दुसऱ्या रुग्णाला केली होती, वर चाळीस लाईक. कृपा करा. पेशी खवळल्यामुळे येणारा ताप, म्हणजे सीआरएस, पहिल्या काही दिवसांत येतो. त्याच दिवसांत केमोमुळे न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तळाला गेलेले असतात. ताप तोच, बीपी तसंच खाली, सीआरपी (दाह दाखवणारी रक्तचाचणी) दोन्हीकडे वर. खाटेशेजारी उभं राहून फरक ओळखता येत नाही, मलाही नाही. म्हणून रक्ताचं कल्चर (जंतू शोधायची तपासणी) घ्यायचं, अँटिबायोटिक लगेच सुरू करायचं आणि गरज असेल तर सीआरएस शांत करणारं टोसिलिझुमॅबही द्यायचं. हे मूळचं संधिवाताचं औषध. 2012 मध्ये ल्युकेमिया झालेल्या एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला फिलाडेल्फियात कार-टी दिली, तिची प्रकृती टोकाला गेली आणि तिला याच औषधाने परत आणलं. ही थेरपी विकसित करणारे संशोधक कार्ल जून यांना ते औषध माहीत होतं, कारण त्यांच्या मुलीला संधिवात होता. मात्र टोसिलिझुमॅबनंतर ताप आणि सीआरपी दोन्ही खाली येतात, आत जंतू असले तरी. म्हणून “सीआरपी उतरला, आता घरी सोडा” असा हट्ट धरू नका.

शेवटी कमेंटमधले दोन राहिलेले प्रश्न. टीबी होऊन गेला असेल तर आधी सांगा, जुने एक्स-रे आणा. टीबीचं औषध रिफाम्पिसिन बऱ्याच औषधांचा असर कमी करतं, त्यामुळे उपचार चालू असेल तर वेळापत्रक जुळवावं लागतं. आणि लस: फ्लूसारख्या निष्क्रिय लशी कार-टीनंतर साधारण सहा महिन्यांनी सुरू करतात, जिवंत लशी इतक्यात नाहीत. घरातल्या बाकीच्यांनी मात्र फ्लूची लस आताच घ्या, त्यासाठी सहा महिने थांबायचं कारण नाही.