मुका ढोल

[नदीपात्र, सकाळ. ओळीनं मांडलेले ढोल.]

खडकवासल्यातून पाणी सोडलेलं नाही, म्हणून आज नदीपात्र मोकळं आहे. वाद्यपूजन झालंय. आता दोऱ्या आवळायच्या. पान जितकं ताणलेलं, तितका ढोल खणखणीत.

पथकाचा सराव एरवी संध्याकाळी. आम्ही सकाळ मागून घेतली, उजेडासाठी. नेहमीचा व्हिडिओ सेकंदाला २५ चित्रं घेतो, हा कॅमेरा १,०००. म्हणजे एकेका चित्राच्या वाट्याला फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा उजेड. बरं, दिवे लावूनही भागत नाही. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. साधा दिवा तिच्याबरोबर १०० वेळा मंद-प्रखर होतो. डोळ्यांना कळत नाही, या कॅमेऱ्याला कळतं.

[संध्याकाळचं चित्रण. ढोल उजळतो, विझतो.]

हा आमचा पहिला प्रयत्न! मग काय, श्रावणातल्या ढगांची मनधरणी.

[घोड्याचे जुने फोटो.]

१८७८ साली कॅलिफोर्नियात, पालो आल्टोला, एडवर्ड मायब्रिजनं १२ कॅमेरे ओळीनं मांडले. वाटेतले दोरे तोडत घोडा धावला आणि स्वतःच स्वतःचे फोटो काढत गेला. तोवर चित्रकार चौखूर उधळलेल्या घोड्याचे पाय पुढे-मागे फाकलेले रंगवत. फोटोत चारही पाय हवेत दिसले खरे, पण पोटाखाली गोळा झालेले.

आमचा कॅमेरा सोशिक. सतत चित्रं घेतो, जुनी पुसतो. ठोका पडून गेल्यावर बटण दाबलं तरी आधीचे काही सेकंद हाती लागतात.

[पानावर गुलाल. टिपरू खाली येतं.]

एक सेकंद, ४० सेकंदांचा करून.

ताईचं मनगट बघा. टिपरू पानाला भिडायच्या आधीच ते परतीला लागलंय. पान दबतं, टिपरू उलट फेकलं जातं. गुलाल अजून जागेवरच. मग उठतो, एकदम सगळा. आणि पलीकडचं थापीचं पान, ज्याला कुणी हातही लावला नाही, ते बाहेर फुगतं. आतल्या हवेनं ढकललेलं.

आवाजाचा त्रास होतो, ही तक्रार खरी आहे. वादकही कानांत कापूस घालतात.

या चित्राला मात्र आवाज नाही. हा कॅमेरा तो टिपतच नाही.

[२० सेकंद निवेदन नाही. गुलाल खाली येतो.]

[नेहमीचा वेग. ताशाची तर्री.]

आता तोच ठोका, आवाजासकट.