हाडांची आठवड्याची गोळी आणि सकाळचा चहा

नमस्कार. हाडांची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी चहाबरोबर चालते का, हे तुमच्यापैकी अनेकींनी पुन्हा पुन्हा विचारले आहे, म्हणून आज केवळ त्या गोळीविषयी बोलते. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि हाडांची झीज भरून निघेनाशी होते, हे बहुतेकींना ठाऊक आहे. डेक्सा या हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत टी-स्कोर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याहून खाली आला, की अनेकदा हाडांची झीज रोखणाऱ्या अ‍ॅलेंड्रोनेट या औषधाची ७० मिलिग्रॅमची ही आठवड्याची गोळी सुरू होते.

ही गोळी सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर किमान अर्धा तास काही खायचे नाही, चहा प्यायचा नाही आणि आडवेही व्हायचे नाही. इतके करूनही त्या औषधाचा शंभरातला जेमतेम एक भाग रक्तात उतरतो. कॉफीबरोबर घेतल्यास तोही निम्म्याहून अधिक घटतो आणि दुधाच्या चहातले कॅल्शियम तर औषधाला बांधूनच ठेवते. चहा अर्धा तास उशिरा घेतलात, तरच त्या गोळीला अर्थ आहे.

आडवे न होण्याविषयी मी आग्रहाने सांगते, कारण माझ्या मावशीने ते फार सोसले. तिच्या उशाशी एक लहानसे फुलपात्र असे. पहाटे पाचला त्यातल्या दोन घोटांबरोबर ती गोळी गिळायची आणि पुन्हा पांघरूण ओढून घ्यायची. अशी गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करू शकते. छातीतली जळजळ आम्ही सगळे पित्त समजलो, तिने गोळी परस्पर बंद केली आणि काही महिन्यांनी न्हाणीत हात टेकून पडल्याचे निमित्त होऊन तिचे मनगट मोडले. डॉक्टरांना वेळीच विचारले असते, तर ज्यांना अर्धा तास बसवत नाही किंवा गिळायला त्रास होतो त्यांच्यासाठी वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे झोलेड्रोनिक आम्लाचे औषधही आहे, हे तेव्हाच कळले असते.

एका ताईंनी लिहिले आहे, की कॅल्शियमची गोळीही हाडांचीच, मग दोन्ही एकदम घेतल्या तर काय बिघडले? बिघडते ते हेच, की कॅल्शियम त्या औषधाला पोटातच धरून ठेवते, म्हणून कॅल्शियमची गोळी जेवणानंतर घ्यावी. पानाचा चुना खाल्ला की हाडे भरतात, असे सांगणारे व्हिडिओ पाहून औषध सोडणाऱ्या बायका मला भेटतात, तेव्हा मनापासून वाईट वाटते. चुन्यात कॅल्शियम असले तरी त्याने हाडांची झीज थांबत नाही.

शेवटचा प्रश्न, रविवारची गोळी राहिली तर? आठवण झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अनशापोटी एकच गोळी घ्यावी, पुढच्या रविवारी नेहमीप्रमाणे घ्यावी, आणि एकाच दिवशी दोन गोळ्या कधीही घेऊ नयेत.