दीर्घ आजारात मनाचीही विचारपूस

श्रोतेहो, नमस्कार.

मधुमेह, दमा, संधिवात किंवा मूत्रपिंडाचा विकार एकदा मागे लागला की तो कधी जाईल याची वाट पाहत बसून भागत नाही. त्याला धरूनच रोजचा दिवस आखावा लागतो. औषधांच्या वेळा, पथ्ये आणि रक्ततपासण्या हळूहळू घरातल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडतात. रुग्णाच्या मनाचे काय चालले आहे, हे विचारायचे मात्र बहुतेक घरांत राहून जाते.

दीर्घ आजार असलेल्यांमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच अधिक आढळते आणि त्यामागे मनाचा दुबळेपणा नसतो. सततच्या वेदनेने झोप मोडते, स्टेरॉइडसारख्या औषधांनी मनःस्थिती पालटू शकते, थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले तरी उदासी येते. मन खचले की गोळ्या चुकतात, चालणे बंद पडते, साखर वाढते आणि वाढलेल्या साखरेने माणूस आणखी खचतो. हे ओळखणे सोपे नसते, कारण थकवा, मंदावलेली भूक आणि उडालेली झोप ही लक्षणे शरीराच्या आजारातही असतात, त्यामुळे सारे त्याच्याच खात्यावर जमा होते. पण पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला नसेल, आपण घरच्यांवर भार झालो आहोत असे वाटत असेल आणि असे दोन आठवडे जवळजवळ रोज होत असेल, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवे.

इथेच लाज आड येते. रक्तदाबाची गोळी सगळ्यांदेखत घेतली जाते. मनाच्या आजाराची गोळी कपाटात, कपड्यांच्या घडीखाली असते, आणि पाहुणे मुक्कामाला आले की ती घ्यायची राहून जाते. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी फाइलमधून हळूच काढून ठेवली जाते. या लपवाछपवीची किंमत शरीरालाही मोजावी लागते, हे मला कळकळीने सांगायचे आहे. उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजारात लिथियम हे औषध उपयोगी पडते, हे १९४९ मध्ये प्रथम दाखवले गेले आणि आजही ते दिले जाते. ते घेणाऱ्याला सांधेदुखीसाठी आयबुप्रोफेनसारखी गोळी किंवा रक्तदाबाची काही औषधे सुरू झाली, तर रक्तातले लिथियम धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकते. चिठ्ठी दाखवली असती तर डॉक्टरांनी दुसरे औषध निवडले असते किंवा रक्ततपासणी करून मात्रा ठरवली असती.

नैराश्यावरील औषधांचा गुण बहुधा काही आठवड्यांनी दिसू लागतो, आणि नेमक्या त्याच काळात "या गोळ्यांची सवय लागेल" असे कोणीतरी सांगते. ही औषधे नशेसारखे व्यसन लावत नाहीत. ती एकाएकी थांबवली तर त्रास होतो, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी करायची असतात. समुपदेशनाचाही चांगला उपयोग होतो.

घरच्यांनी "मन घट्ट कर" म्हणणे सोडावे. ते आपुलकीनेच म्हटलेले असते, पण ऐकणाऱ्याला त्यातून दोष आपलाच असल्याचे कळते आणि तो पुढच्या वेळी बोलत नाही. त्याऐवजी "आजचा दिवस कसा गेला?" असे विचारून उत्तर येईपर्यंत शेजारी बसावे, आणि त्याची तयारी असेल तर तपासणीला सोबत जावे.

पुढच्या तपासणीत साखरेचा आकडा सांगताना त्याच दमात सांगा, "डॉक्टर, काही दिवसांपासून कशातच मन लागत नाही." एवढे एक वाक्य पुरते; पुढचे प्रश्न विचारणे हे त्यांचे काम आहे. मात्र जगणेच नकोसे वाटू लागले असेल तर तपासणीच्या तारखेपर्यंत थांबू नका. त्याच घटकेला जवळच्या माणसाला सांगा, एकटे राहू नका आणि तातडीने उपचार मिळतील तिथे त्याच्यासोबत जा.

नमस्कार.