ग्रूट कॉन्स्टान्शिया: शाकारलेलं घर आणि महिन्यांची नावं

(दृश्य: ओकच्या झाडांमधून जाणारी वाट. शेवटी पांढरं घर. वाऱ्याचा आवाज.)

दक्षिण आफ्रिका, केपटाउनजवळचा डोंगरउतार. ग्रूट कॉन्स्टान्शिया हा इथला जुना द्राक्षमळा, आणि हे त्याचं घर. चुन्यानं पांढऱ्या केलेल्या भिंती, गवतानं शाकारलेलं छप्पर, दारावर नक्षीदार उंच शिखरभिंत. बघणाऱ्याला वाटतं, हे दोन-अडीचशे वर्षं असंच उभं असणार.

तसं नाही. १९२५च्या डिसेंबरात हे छप्पर पेटलं आणि आतलं घर भस्म झालं. एफ. के. केंडल या वास्तुविशारदानं ते पुन्हा उभं केलं. आत मांडलेल्या खुर्च्या, कपाटं, चिनी मातीची भांडी आल्फ्रेड डी पास या संग्राहकानं दिलेली. म्हणजे आपण बघतो ती जुन्या मालकांची बैठकीची खोली नव्हे, तशी असावी असं कुणीतरी जाणतेपणानं ठरवलेली खोली आहे. सुंदर आहे, पण थोडी जास्तच नीटनेटकी.

(दृश्य: जुना नकाशा.)

डच ईस्ट इंडिया कंपनीचा इथला प्रमुख सिमोन फान देर स्तेल याला १६८५ मध्ये ही जमीन मिळाली: ८९१ मॉर्गन, सुमारे ७६३ हेक्टर. देणारी कंपनी, घेणारा तिचाच अधिकारी. या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारणारे खोई लोक त्या व्यवहारात कुठेच नव्हते.

आणि हा सिमोन कोण? त्याच्या आईची आई गुलामगिरीतून सुटलेली भारतीय बाई होती. तिची ओळख सांगतात ती एवढीच: मोनिका, गोव्याच्या किनाऱ्याची. तिचा नातू केपचा, म्हणजे इथल्या डच वसाहतीचा, प्रमुख झाला, आणि त्याच्या मळ्यावर गुलाम राबले.

(दृश्य: द्राक्षवेलींच्या ओळी. आपल्या नाशिक-सांगलीसारखा डोक्यावर मांडव नाही.)

१७७८ मध्ये हेंड्रिक क्लूटनं मळा विकत घेतला आणि कॉन्स्टान्शियाची गोड वाइन युरोपच्या राजवाड्यांत पोचली. सेंट हेलेना बेटावर कैदेत असलेल्या नेपोलियनसाठीही ती जायची. गोडवा यायचा तो उशिरा खुडण्यामुळे. घड वेलावरच ठेवायचे, मणी बेदाण्यासारखा सुरकुतला की मग हात लावायचा. रस थोडा निघतो, पण साखर गच्च. १७९१चं दारूचं कोठार आजही आहे. त्याच्या कपाळपट्टीवरचं शिल्प आंतोन आनराइटचं.

मग पडता काळ आला. १८८५ मध्ये केप सरकारनं मळा विकत घेतला. पाठोपाठ, १८८६ मध्ये, मुळं पोखरणारी फायलोक्सेरा कीड केपमध्ये सापडली. नवी लागवड करायची तर अमेरिकी खुंटावर, म्हणजे ही कीड सोसणाऱ्या वेलाच्या मुळांवर, कलम बांधणं भाग होतं. नाशिककडच्या बागायतदाराला खुंट म्हणजे काय हे समजावून सांगायला नको.

जळालेलं घर काही वर्षांत उभं राहिलं, वाइनला मात्र फार वेळ लागला. शेजारच्या क्लाइन कॉन्स्टान्शियानं १९८६च्या द्राक्षांपासून ती जुनी गोडी परत आणली. ग्रूट कॉन्स्टान्शियाची आली २००३च्या द्राक्षांपासून. मळा १९९३ पासून एका विश्वस्त संस्थेकडे आहे. घर हे संग्रहालय, पण भोवतीची शेती खरी: छाटणी, तोडणी, विक्री सगळं चालू.

(दृश्य: मळ्यावरच्या गुलामगिरीविषयीच्या प्रदर्शनातली नावं. संगीत थांबतं.)

आता हे फलक. १६५८ पासून गुलामांचा व्यापार बंद होईपर्यंत केपमध्ये सुमारे ६३,००० गुलाम आणले गेले. त्यांतले साधारण चतुर्थांश भारतातून. नावापुढे लावलं जायचं ‘फान बंगाले’, ‘फान मलबार’, म्हणजे बंगालचा, मलबारचा. काहींना मालकानं नुसतं महिन्याचं नाव दिलं: फेब्रुवारी, एप्रिल, सप्टेंबर. जहाजावर चढण्याआधी आईनं काय नाव ठेवलं होतं, ते कुणी लिहून घेतलं नाही. केंडलला जळक्या भिंती तरी मिळाल्या होत्या. इथे तेवढंही नाही.

केपटाउनच्या परिसरात सप्टेंबर हे आडनाव आजही आहे.

(दृश्य: संध्याकाळ. बाकीच्या ओळी मोकळ्या झाल्यात. एका तुकड्यावर घड अजून लटकलेले, मणी सुरकुतायला लागलेले.)

हे घड मागे ठेवलेत. अजून थोडे दिवस.